उभी गाडी, उतरलेली बॅटरी

केडगाव स्टेशनवर उतरणारा पाहुणा बहुधा दोन ठिकाणी जातो. एक तर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनकडे, नाहीतर नारायण महाराजांच्या बेटाकडे. मी आज तुम्हाला तिसरीकडेच नेणार आहे. आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडकडे. तिथे एक गाडी उभी आहे. वर्षातले दहा-अकरा महिने ती नुसती उभीच असते, आणि तिच्या त्या उभं राहण्यानेच मला निवृत्तीनंतर पुन्हा विद्यार्थी केलं.

उभ्या गाड्यांचं आमच्या भागाला नवल नाही. हा उसाचा आणि गुऱ्हाळांचा मुलूख. तोडणीचा हंगाम संपला की ऊस वाहणारे ट्रॅक्टर-ट्रॉल्या बांधावर जागा धरतात ते दिवाळीपर्यंत. नारायणगावकडे तमाशाच्या फडांचे ट्रक पावसाळाभर असेच विसावलेले असतात. टाळेबंदीनंतर त्यात आणखी एका वाहनाची भर पडली, ती म्हणजे कॅराव्हॅन. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. ऊसतोड मजूर पाठीवर बिऱ्हाड घेऊन पिढ्यानपिढ्या फिरतात, त्यांच्यासाठी कुणी धोरण केलं नव्हतं. पण ते असो.

आमची गाडी त्या धोरणाच्या आधीची. आमच्या आईला कमरेच्या दुखण्यामुळे तासाभराच्या वर बसवत नाही. तिला माहेरी कोकणात जायचं होतं, तुळजापूरला जायचं होतं. म्हणून मी आणि थोरले बंधू अण्णा, दोघांनी मिळून २०१९ साली एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि ती रीतसर परवानगीने बदलून घेतली. आत दोन बिछाने, पंखा, दिवे, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी. आई आडवी पडून खिडकीतून घाट बघत गेली. त्या एका प्रवासातच आमचे पैसे वसूल झाले, असं अण्णा म्हणतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाडी शेडमध्ये गेली. जूनच्या शेवटी मी किल्ली फिरवली. ‘टक्’ असा एकच आवाज झाला. पुन्हा फिरवली, तेवढाही झाला नाही. चौफुल्यावरच्या बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने मीटर लावला आणि मान हलवली. म्हणाला, “सर, दोन्ही गेल्या. या महिन्यातली ही माझी अकरावी गाडी.” मी म्हटलं, अरे, पण आम्ही तर वापरलीच नाही! तो हसून म्हणाला, “म्हणूनच तर.”

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. १८५९ साली गॅस्तों प्लाँते या फ्रेंच संशोधकाने शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल घेऊन पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी केली, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! पण न वापरलेली बॅटरी का मरते, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही.

तर त्याचं उत्तर असं. बॅटरी हा झाकण लावलेला डबा नव्हे, तो मातीचा माठ आहे. कुणी पाणी प्यायलं नाही तरी माठ पाझरतोच. शिशाची बॅटरी आपोआप महिन्याला साधारण तीन ते पाच टक्के उतरते, तेही २५ अंश तापमानाला. तापमान दहा अंशांनी वाढलं की पाझर जवळजवळ दुप्पट होतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी काय होतं, ते सांगायला नको.

पण हा पाझर लहानच. मोठी गळती निराळीच असते. आजची गाडी बंद केली तरी पूर्ण झोपत नाही. घड्याळ चालू असतं, दाराचं कुलूप रिमोटची वाट बघत असतं, चोरी झाली तर माग लागावा म्हणून बसवलेलं यंत्र जागं असतं. मी आमच्या गाडीच्या बॅटरीच्या तारेत मीटर घालून पाहिलं. गाडी बंद, दारं बंद, तरी ४० मिलिअँपिअर वीज चाललेली. किती क्षुल्लक आकडा! पण तो दिवसाचे चोवीस तास चालतो. म्हणजे रोज जवळजवळ एक अँपिअर-तास. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची. महिन्यात ३० गेले, दोन महिन्यांत ६०. मार्चअखेर ते जूनअखेर हा हिशेब तुम्हीच करा.

बरं, उतरली तर उतरली, पुन्हा भरू, असं तुम्ही म्हणाल. तिथेच खरी मेख आहे. बॅटरी उतरते तेव्हा आतल्या पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट तयार होतं. ते ताजं असताना बारीक, मऊ असतं आणि वीज परत दिली की विरघळून जातं. पण आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर त्याचे मोठे कठीण खडे बनतात, आणि मग ते काही केल्या हटत नाहीत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. दुधाचं भांडं लगेच विसळलं तर ठीक, दोन दिवस तसंच ठेवलं तर घासून हात दुखतात. इथे तर घासताही येत नाही. उतरण्यापेक्षा उतरलेल्या अवस्थेत पडून राहणं जास्त वाईट आहे. हे एकदा कळलं की उपायही सुचतो. बॅटरीला उतरूच द्यायचं नाही.

अण्णांचा उपाय जुना होता. आठवड्यातून एकदा गाडी सुरू करायची. पण जागेवर पाच-दहा मिनिटं इंजिन घुरघुरवून आठवड्याची सात अँपिअर-तासांची तूट भरत नाही. अर्धा-पाऊण तास गाडी रस्त्यावर चालली तर भरते. विजेवरचा चार्जर लावावा, तर शेतातली वीज कधी दिवसा, कधी रात्री, आणि ती पंपासाठी. मग माझ्या डोक्यात सौर पॅनेल आलं. आजूबाजूच्या शिवारात सौर पंप दिसू लागलेच होते. पॅनेलची वायर पंपाला जाते, ऊन पडलं की पाणी येतं. मी म्हटलं, आपणही वायर बॅटरीला देऊ. ४० वॉटचं पॅनेल आणलं, शेडवर चढवलं, दोन चिमटे आतल्या दिव्या-पंख्याच्या बॅटरीला लावले आणि मोकळा झालो. हा २०२१ चा उन्हाळा.

माझी चूक काय झाली, ते सांगतो. पंपाचं पाणी विहिरीतून टाकीत, टाकीतून पिकाला जातं, जास्त झालं तर वाहून जातं. बॅटरीला वाहून जायला जागा नसते. ‘बारा व्होल्टचं’ म्हणून जे पॅनेल विकतात, त्यात ३६ घट एकामागे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा अर्धा व्होल्ट धरला तरी भर उन्हात ते सतरा-अठरा व्होल्टपर्यंत जोर लावतं. बॅटरी भरल्यावरही ते थांबत नाही. मग ती वीज बॅटरीतल्या पाण्याचं विघटन करू लागते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हाच प्रयोग मी दरवर्षी सहावी ‘ब’ला दोन परीक्षानळ्या उपड्या घालून दाखवायचो.

मे महिन्यात एका दुपारी नातवाला घेऊन मी बॅटरी बघायला गेलो. कप्पा उघडला तर आंबट वास, बॅटरीचा डबा कडेने फुगलेला. घाबरून मी आधी चिमटा ओढला. भर उन्हात, वीज चालू असताना. ठिणगी उडाली आणि ‘फट्’ करून बॅटरीचं एक बूच माझ्या छातीवर आदळलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. नातू टॉर्च घेऊन माझ्या मागे उभा होता, तो पुढे असता तर... टाकीच्या पाण्याने तोंड-हात धुऊन घेतले. शर्ट ठीक दिसत होता. दोन दिवसांनी धुऊन आला तेव्हा पुढून त्याची चाळण झाली होती. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, हेही मी शिकवलेलंच होतं. सौ.ने तो शर्ट टाकून दिला नाही. अजून कपाटात आहे, मला दाखवायला.

तेव्हा पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. ही तळहाताएवढी डबी म्हणजे टाकीतला बॉल कॉक. बॅटरी रिकामी असेल तर वीज मोकळी सोडते, साडेचौदा व्होल्टच्या आसपास नेते आणि भरल्यावर साडेतेरा-पावणेचौदाला आणून नुसती धरून ठेवते. पाझर जितका, तितकीच भर. रात्री पॅनेलमधून वीज उलटी जाऊ नये, तेही तीच बघते. बाजारात हिचे साधे आणि महाग असे दोन प्रकार आहेत. उभ्या गाडीची बॅटरी राखायला साधा पुरतो. फक्त एक बघून घ्या. तापमान पाहून व्होल्टेज कमी-जास्त करणारी डबी मिळाली तर आपल्या उन्हाळ्यात ती घ्यावी. २५ अंशांच्या वर दर अंशामागे दोन-तीन शतांश व्होल्ट कमी करावे लागतात. चाळीस अंशांना हा फरक जवळपास पाऊण-अर्ध्या नव्हे, पण तिसऱ्या हिश्शाच्या व्होल्टइतका होतो, आणि तेवढा बॅटरी शिजवायला पुरेसा आहे.

जोडण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी डबीला बॅटरी जोडायची, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेलवर पोतं टाकून काम केलं तर आणखी बरं. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालायचा, कारण वायर कुठे कुरतडली गेली, आणि शेडमध्ये उंदीर असतातच, तर आग लावायची ताकद पॅनेलमध्ये नसते, बॅटरीत असते. बॅटरीच्या कप्प्याला बाहेर हवा जायला वाट हवी. माणसं झोपतात त्या गाडीत तर हवीच.

पॅनेल केवढं घ्यावं? मी पुन्हा हिशेबाला बसलो. रोजची गळती एक अँपिअर-तास, पाझर पाव, डबी स्वतः खाते ती पाव. एकूण दीड. वीस वॉटचं पॅनेल भर उन्हात एक अँपिअरच्या थोडं वर देतं, आणि स्वच्छ दिवशी आपल्याकडे पाच तासांच्या भर उन्हाइतकं ऊन मिळतं. म्हणजे रोज पाच. पावसाळ्यात आभाळ भरून आलं तर एखाद्या दिवशी त्याचा चौथा हिस्साही होतो, पण मध्ये उघडीप मिळते. तर वीस वॉट एका बॅटरीला भरपूर. पॅनेल आणि डबी मिळून मला नव्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्शात पडलं.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, कल आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे साडेअठरा अंशांच्या आसपास. फार काटेकोर राहू नका. आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. थोडा कल एवढ्यासाठी हवा की पावसाने धूळ धुऊन जावी. काळजी घ्यायची ती सावलीची. ३६ घट एकामागे एक असतात, त्यातला एकजरी झाकला तरी सगळ्यांची वीज अडते. पाटात एका जागी ढेकूळ पडलं की पुढच्या सगळ्या वाफ्यांना पाणी कमी, तसंच. आमच्याकडे लिंबाची फांदी नव्हती, पण गुऱ्हाळाच्या धुराड्याची काजळी होती आणि पाचट पेटवलं की उडून येणारी काळी राख. दर रविवारी ओलं फडकं मारायचं काम नातवाकडे दिलं.

हे सगळं करून २०२२ च्या उन्हाळ्यात मी निर्धास्त झालो. गाडीत चढलं की दिवे लख्ख, पंखा फिरतोय, फ्रीज गार. अण्णा तोवर दर आठवड्याला गाडी चौफुल्यापर्यंत फिरवून आणायचे. ते म्हणाले, आता पॅनेल आहे, डिझेल कशाला जाळायचं? मीही म्हटलं, बरोबर.

ऑगस्टमधली रात्र होती. पाऊस लागलेला. आईला धाप लागली, आडवं पडवेना. घरात दुसरी चारचाकी नव्हती, आणि असती तरी आईला नेण्याजोगी हीच. शेड घरापासून दोन शेतं लांब, मध्ये ऊस. आमच्याकडे उसात बिबट्या असतो, म्हणून अण्णा आणि मी ताट वाजवत गेलो. गाडीत चढलो, आतला दिवा लागला, जिवात जीव आला. किल्ली फिरवली. ‘टक्.’

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. दिवे लागलेत, पंखा फिरतोय, मग गाडी का सुरू होत नाही? मी विज्ञानाचा मास्तर, आणि मला उत्तर सुचायला दोन-तीन मिनिटं लागली. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, एक घराची. दोघींच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन चालू झालं की तो दोघींना जोडतो म्हणजे दोन्ही भरतात, आणि इंजिन बंद झालं की तोडतो, म्हणजे रात्रभर पंखा लावून झोपलात तरी सकाळी गाडी सुरू व्हावी. सोय शहाणपणाचीच आहे. पण माझं पॅनेल घराच्या बॅटरीला होतं. इंजिन बंद, रिले तुटलेला. चार महिने सूर्य पंख्याला जपत होता आणि घड्याळ, कुलूप, माग लावणारं यंत्र इंजिनाची बॅटरी पीत होतं.

सुदैवाने जाड जंपर केबल गाडीत होत्या. घराच्या बॅटरीवरून इंजिनाच्या बॅटरीला जोडल्या, लाल लालला, आणि काळीचं दुसरं टोक बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला, म्हणजे ठिणगी बॅटरीपाशी पडत नाही. वीस मिनिटं तशाच ठेवल्या. एवढी लांब वीस मिनिटं मी कधी मोजली नाहीत. मग गाडी सुरू झाली. आईला दौंडला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. आठ दिवसांनी ती घरी आली. डॉक्टरांनी विचारलं होतं, एवढा उशीर का केलात? आम्ही दोघंही गप्प राहिलो.

आता दोन्ही बॅटऱ्यांना सांभाळणारी, दोन वाटा असलेली डबी आहे. ती नसेल तर दुसरं छोटं पॅनेल आणि दुसरी डबी लावली तरी चालतं. आणि मी महिन्यातून एकदा, भल्या पहाटे, ऊन पॅनेलवर यायच्या आत, दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वहीत लिहितो. पहाटे अशासाठी, की उन्हात मीटर लावला तर पॅनेलचा जोर दिसतो, बॅटरीची खरी तब्येत दिसत नाही. विसावलेल्या बॅटरीचे १२.६ किंवा १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर धोका. दिवा लागतो का, यावर विश्वास ठेवायचा नाही, तो निम्म्या बॅटरीवरही लख्ख लागतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान बग्गीला चंद्रावरची रात्र सुरू होण्याआधी झोपवलं, तेव्हा इस्रोने सांगितलं होतं की तिची बॅटरी पूर्ण भरली आहे आणि पॅनेलचं तोंड २२ सप्टेंबरच्या सूर्योदयाकडे करून ठेवलं आहे. मी ती बातमी दोनदा वाचली. जगातली सगळ्यात दूर उभी केलेली आपली गाडी, आणि काळजी तीच! ती पुन्हा जागी झाली नाही. तिथली रात्र आपल्या चौदा दिवसांची आणि थंडी भयंकर, तेवढ्यासाठी ती बनवलीच नव्हती. आपल्याला थंडीचं भय नाही, उष्णतेचं आहे. म्हणून पॅनेल उन्हात आणि बॅटरी शक्य तितकी सावलीत.

माझं हे पुराण ऐकून शेजारचे एक शेतकरी मागच्या वर्षी आले. ट्रॅक्टरला पॅनेल लावून द्या म्हणाले. मी ट्रॅक्टर बघितला. जुना, ना घड्याळ, ना रिमोटचं कुलूप. मी म्हटलं, तुम्हाला पॅनेल नको. हंगाम संपला की बॅटरी चार्ज करून घ्या आणि निगेटिव्ह वायर सोडून ठेवा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा एकदा चार्ज करा. त्यांचा थोडा हिरमोड झाला, पॅनेल लावायची हौस होती. परवा त्यांच्या बांधावरून जाताना पाहिलं, ट्रॅक्टरची काळी वायर सोडलेली होती आणि तिच्या टोकाला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून सुतळीने बांधली होती.